टॉवर हॅम्लेट्स: मतपेटी, तुरुंग आणि कोर्ट

मे २०२२ मध्ये पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स बरोने (बरो म्हणजे स्वतःचं कौन्सिल असलेला लंडनचा एक विभाग) बांगलादेशी वंशाच्या लुत्फुर रहमान यांना महापौर म्हणून निवडून दिलं. याच माणसाची याच पदावरची निवड सात वर्षांपूर्वी कोर्टाने गैरप्रकारांमुळे रद्द केली होती आणि पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी घातली होती. बंदीची मुदत संपली, ते उभे राहिले आणि जिंकले. त्यांच्या ‘अस्पायर’ पक्षाला ४५ पैकी २४ जागा मिळाल्या, म्हणजे सभागृहही त्यांच्याच हातात आलं. लंडनच्या वर्तमानपत्रांना मोठा धक्का बसला. या भागाचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना तो इतका बसला नसावा. मतदारांनी एक कौल द्यायचा आणि वरून कोर्टाने किंवा सरकारने दुसरा हुकूम काढायचा, हे इथे शंभर वर्षं चालू आहे. मात्र दर वेळी दोष एकाच बाजूचा नसतो.

आधी रचना. लंडनमध्ये ३२ बरो आहेत. कचरा, घरकुलं, वाचनालयं, सामाजिक सेवा, स्थानिक रस्ते ही सगळी कामं बरो कौन्सिलकडे असतात. आपल्या महापालिकेत खरा कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्तांच्या हाती असतो आणि महापौर बराचसा मानाचा. तिथे कारभार निवडून आलेल्यांच्याच हातात असतो, अधिकारी त्यांच्या हाताखाली काम करतात. इंग्लंडमधल्या बऱ्याच शहरांत दर वर्षी एक तृतीयांश नगरसेवक बदलतात, पण लंडनच्या बरोंमध्ये चार वर्षांनी संपूर्ण सभागृह एकदम निवडलं जातं. त्यामुळे एका रात्रीत सत्ता पालटते, आणि टॉवर हॅम्लेट्सने अशा रात्री पुष्कळ पाहिल्या आहेत.

आजचा हा बरो १९६५ चा. पॉपलर, स्टेपनी आणि बेथनल ग्रीन असे तीन जुने बरो एकत्र करून तो बनला. खरी गोष्ट सुरू होते ती पॉपलरपासून. गोदीचा हा इलाखा. ईस्ट इंडिया डॉक्स इथलेच. गोदी कामगार, हमाल, रोजंदारीवर पोट भरणारी वस्ती. १९१८ च्या कायद्याने मताधिकार वाढला, तिशीवरच्या विवाहित स्त्रिया स्थानिक मतदार यादीत आल्या आणि गरिबांसाठीची सरकारी मदत घेणाऱ्याचं मत काढून घेण्याची जुनी तरतूद गेली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, पॉपलरच्या ४२ पैकी ३९ जागा लेबर पक्षाने जिंकल्या. जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले. नवे नगरसेवक बहुतेक कामगार होते, आणि निवडून आल्यावर आपल्याला मत कोणी दिलं हे ते विसरले नाहीत. एवढ्यावरूनच पुढचं सगळं घडलं.

१९२१ मध्ये मंदी आली. गोदीत काम नव्हतं आणि बेरोजगारांना मदत करायची तर पैसा त्याच बरोच्या घरपट्टीतून काढायचा, असा नियम होता. म्हणजे जिथे गरिबी जास्त तिथेच कर जास्त. वेस्टमिन्स्टरमध्ये पौंडामागे एक पेनी घरपट्टी लावली तर जेवढी रक्कम उभी राहायची, त्याच्या जेमतेम आठवा-नववा हिस्सा पॉपलरमध्ये जमायचा. शिवाय लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, इस्पितळांचं मंडळ यांच्यासाठीची रक्कमही बरोनेच वसूल करून वर पाठवायची. पॉपलरने ठरवलं की आपल्या बेकारांना पोसू, पण वरच्या संस्थांसाठी घरपट्टी लावणार नाही. श्रीमंत बरोंनी गरीब बरोंचा भार उचलावा, एवढीच मागणी.

प्रकरण हायकोर्टात गेलं. २९ जुलै १९२१ रोजी नगरसेवक पॉपलरहून मिरवणुकीने कोर्टाकडे निघाले. ‘पॉपलर बरो कौन्सिल हायकोर्टाकडे आणि कदाचित तुरुंगाकडे’ अशा अर्थाचा फलक पुढे होता. कोर्टाचा हुकूम न मानल्याबद्दल सप्टेंबरमध्ये तीस नगरसेवक आत गेले: पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच स्त्रिया हॉलोवेच्या. त्यांतल्या नेली क्रेसल गरोदर होत्या. कौन्सिलच्या सभा मग तुरुंगातच भरू लागल्या आणि त्यासाठी हॉलोवेच्या स्त्रियांना ब्रिक्स्टनला आणलं जाई. हे दृश्य सरकारला फार दिवस परवडणारं नव्हतं. शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीननेही हीच वाट धरायचं ठरवलं. १२ ऑक्टोबरला सगळे सुटले आणि संसदेने घाईने कायदा करून गरीब बरोंच्या मदतीचा बराचसा खर्च संपूर्ण लंडनवर वाटून टाकला. मिनी लॅन्सबरी या नगरसेविका सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १९२२ रोजी, वारल्या, वय ३२. त्याच वर्षीच्या निवडणुकीत लंडनभर लेबरची पीछेहाट झाली, पॉपलर मात्र लेबरकडेच राहिलं.

हे बंड लेबर पक्षातल्याच सगळ्यांना पटलेलं नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन त्याच पक्षाचे, पण कायदा मोडून पक्ष सत्तेच्या लायक ठरणार नाही असं त्यांचं मत होतं. पॉपलरला पुढे हारही पत्करावी लागली. कौन्सिलने आपल्या नोकरांना, स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला किमान चार पौंड पगार ठरवला होता. सरकारी हिशेबतपासनिसाने तो अवास्तव ठरवला आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, त्याचंच म्हणणं उचलून धरलं. लोकांनी निवडून दिलं म्हणून लोकांचा पैसा हवा तसा उधळता येत नाही, असा त्या निकालाचा रोख. समान वेतनाकडे न्यायमूर्तींनी ज्या तुच्छतेने पाहिलं ते आज वाचवत नाही, तरी कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल अजून शिकवला जातो.

या गल्ल्यांचा आपल्याशी धागा आहे. १९१९ मध्ये स्टेपनीचे महापौर झालेले क्लेमंट ॲटली हेच पुढे भारताच्या स्वातंत्र्याच्या वेळचे पंतप्रधान. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा हॉटेलात न उतरता बो भागातल्या किंग्सली हॉलमध्ये राहिले. तो भाग पॉपलर बरोचाच, आणि हॉल चालवणाऱ्या म्युरिएल लेस्टर पॉपलर कौन्सिलवर काम केलेल्या.

युद्धात या भागावर बॉम्ब पडले, नंतर गोद्या बंद होत गेल्या, लोकवस्ती ओसरली. लेबरची सत्ता मात्र इतकी पक्की होती की उमेदवारी मिळाली की निवडणूक संपली असं मानलं जायचं. अशा सत्तेला आळस चढतो. दरम्यान स्पिटलफील्ड्स आणि ब्रिक लेनच्या भागात सिल्हेटहून आलेली बांगलादेशी कुटुंबं वसली. पुरुष बहुतेक कपड्यांच्या कारखान्यांत. ४ मे १९७८ रोजी स्थानिक निवडणुकांचं मतदान होतं. नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाने जागोजागी उमेदवार उभे केले होते. त्याच संध्याकाळी अल्ताब अली हा तरुण शिवणकामगार कामावरून घरी जाताना मारला गेला. दहा दिवसांनी हजारो माणसं त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. बांगलादेशी तरुण राजकारणात उतरले ते इथून. लेबर पक्षाने दार सहज उघडलं नाही. १९८२ मध्ये पहिले बांगलादेशी नगरसेवक आले, तेव्हा त्यांतला एक लेबरलाच हरवून अपक्ष म्हणून आला होता. पुढे २०१० मध्ये जे झालं त्याचं बी इथलं आहे, असं मला वाटतं.

१९८६ मध्ये लिबरल पक्षाने निसटत्या बहुमताने सत्ता घेतली आणि बरोचे सात छोटे विभाग पाडून कारभार त्या त्या विभागातल्या नगरसेवकांकडे दिला. कल्पना कागदावर चांगली होती. पण घरांची टंचाई होती आणि ‘इथल्याच लोकांच्या मुलामुलींना आधी घर’ हे धोरण व्यवहारात गोऱ्या कुटुंबांच्या बाजूचं ठरलं. लिबरलांच्या स्थानिक पत्रकांनी वांशिक भावना कुरवाळल्या, असं पुढे पक्षाच्याच चौकशीत निघालं. सप्टेंबर १९९३ मध्ये मिलवॉल प्रभागाच्या पोटनिवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी या वर्णद्वेषी पक्षाचे डेरेक बीकन अवघ्या सात मतांनी निवडून आले. कॅनरी वॉर्फच्या काचेच्या मनोऱ्यांच्या पायथ्याशी हे घडलं. आठ महिन्यांनी पूर्ण निवडणूक झाली तेव्हा बीकन यांची मतं वाढली होती, तरीही ते पडले. कारण एरवी घरी बसणारे मतदार या वेळी बाहेर पडले. सत्ता पुन्हा लेबरकडे गेली.

इराक युद्धानंतर मुस्लिम मतदारांचा लेबरवरचा विश्वास उडाला. २००६ मध्ये युद्धविरोधी ‘रिस्पेक्ट’ पक्षाने बारा जागा घेतल्या. मे २०१० च्या सार्वमतात बरोने थेट निवडलेला महापौर हवा असा कौल दिला. आपल्याकडच्या थेट नगराध्यक्षाचा अनुभव असणाऱ्यांना यातली गोम लगेच कळेल: एका माणसाच्या हाती सगळं येतं आणि पक्षाचा लगाम सैल होतो. लेबरने रहमान यांची निवडलेली उमेदवारी काढून घेतली, ते अपक्ष उभे राहिले आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकले.

२०१४ मध्ये ते पुन्हा आले. वर्षअखेरीस केंद्र सरकारने अनुदानवाटप आणि मालमत्ता विक्रीवर ठपका ठेवून कौन्सिलवर आयुक्त नेमले. ज्या विक्रीवर बोट ठेवलं गेलं त्यांत पॉपलरचा जुना टाउन हॉलही होता. चार मतदारांनी निवडणूक याचिका केली होती. तिच्यावर २३ एप्रिल २०१५ रोजी याचिकेपुरते न्यायाधीश (‘इलेक्शन कमिशनर’) म्हणून बसलेले रिचर्ड मॉवरी यांनी निकाल दिला: मतांमधली लबाडी, अनुदानांच्या रूपाने लाच, प्रतिस्पर्धी वर्णद्वेषी असल्याचा खोटा प्रचार, आणि धार्मिक दबाव. शंभरावर इमाम आणि मौलवींनी सही केलेलं पत्र एका बंगाली साप्ताहिकात छापून आलं होतं. ‘आध्यात्मिक दबावा’चं हे कलम एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या कॅथलिक पाद्र्यांना आवरण्यासाठी वापरलं गेलं होतं आणि नंतर जवळजवळ विस्मृतीत गेलं होतं. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम १२३ मध्ये, दैवी कोपाची भीती घालण्याबद्दलची तरतूद आहे ती याच घराण्यातली. (विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीचा गाजलेला खटला याच कलमाचा, पण पोटकलम वेगळं: धर्माच्या नावाने मत मागण्याचं.) रहमान यांच्यावर फौजदारी खटला मात्र उभा राहिला नाही, आणि त्यांच्या समर्थकांना तेवढा मुद्दा पुरला.

१९२१ शी याची तुलना पुष्कळदा होते. मला ती पटत नाही. पॉपलरच्या नगरसेवकांनी कायदा उघडपणे, ठराव करून मोडला आणि शिक्षा स्वतः भोगली. २०१४ मध्ये जे सिद्ध झालं त्यात मतपेटीच नासवली गेली होती. पण मतदाराच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही वेळा आपला माणूस बाहेरच्यांनी काढला हीच भावना उरते, आणि लेबरचे जॉन बिग्ज यांना २०१५ ते २०२२ या काळात ती पुसता आली नाही. त्यांनी काही रस्ते वाहनांना बंद केले त्याचा राग होता, तरुणांच्या केंद्रांवरच्या कपातीचाही. २०२१ च्या सार्वमतात थेट महापौर ठेवायचाच असं बरोने मोठ्या बहुमताने सांगितलं. वर्षभराने रहमान परतले आणि माध्यमिक शाळेतल्या मुलांनाही मोफत जेवण सुरू केलं.

या बरोच्या प्रकरणांचा माग देशाच्या कायद्यात दिसतो. २०१५ च्या निकालानंतर माजी मंत्री एरिक पिकल्स यांनी मतदानातल्या गैरप्रकारांवर अहवाल दिला. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर छायाचित्र असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्याच वर्षीच्या कायद्याने दुसऱ्याच्या मतदानाच्या खणात शिरून त्याच्या मतावर प्रभाव टाकणं गुन्हा ठरलं. महापौराच्या निवडणुकीतली दुसऱ्या पसंतीची पद्धतही गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने कौन्सिलवर पुन्हा आपली माणसं, या वेळी कारभारावर नजर ठेवणारे ‘दूत’, नेमण्याचं जाहीर केलं.

राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असेल तर या निवडणुकांत मत देता येतं, त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. म्हणजे पुण्याहून माइल एंडच्या क्वीन मेरी विद्यापीठात शिकायला गेलेल्या मुलीने यादीत नाव नोंदवलं, तर टॉवर हॅम्लेट्सचा पुढचा महापौर ठरवण्यात तिचंही एक मत असेल.