अलाइनर, पारदर्शक

वेडेवाकडे, विरळ किंवा दाटीने आलेले दात ओळीत आणण्यासाठी दातांवर बसवायचे, काढघाल करता येणारे पातळ प्लास्टिकचे कवच. दवाखान्यात याला ‘ट्रे’ असेही म्हणतात. ‘अदृश्य तारा’ हे जाहिरातीतले नाव मात्र फसवे आहे. यात तार नसते आणि जवळून पाहिले तर कवच दिसतेही. एका रुग्णाला क्रमाने वापरायचे अनेक जोड दिले जातात. प्रत्येक जोडाचा आकार दातांच्या सध्याच्या जागेपेक्षा किंचित पुढचा असतो.

उगम : याचे श्रेय कोणाला द्यायचे यावर एकमत नाही. काही लेखक १९२० च्या दशकातील रेमेन्स्नायडर यांच्या हिरड्यांच्या मालिशीसाठी केलेल्या रबरी साधनापर्यंत मागे जातात. त्या साधनाने दात थोडे सरकत असल्याचे आढळले होते. पण सरकवणे हा त्याचा हेतू नसल्याने त्याला पूर्वज म्हणणे ओढूनताणून वाटते. अधिक ग्राह्य मत अमेरिकी दंतवैद्य एच. डी. केसलिंग यांच्या बाजूचे आहे. त्यांनी १९४५ मध्ये ‘टूथ पोझिशनर’ मांडला. प्लास्टरच्या साच्यातील दात सुटे करून मेणात नव्या जागी रचायचे आणि त्या रचनेवर रबरी साधन घडवायचे, ही त्याची रीत. तारा काढल्यानंतर उरलेली किरकोळ सुधारणा करणे एवढाच त्याचा प्रत्यक्ष उपयोग होता. मात्र रचना थोडीथोडी बदलत साधनांची मालिका केली, तर मोठी हालचालही साधेल, हे केसलिंग यांनीच सुचवले होते. पुढे नाहूम (१९६४) व पॉनिट्झ (१९७१) यांनी तापवलेला प्लास्टिकचा पत्रा निर्वात दाबाने साच्यावर ओढून घेण्याची पद्धत वापरली आणि शेरिडन यांनी १९९३ च्या सुमारास ‘एसिक्स’ हा प्रकार रूढ केला. या सर्वांची अडचण एकच होती : दर टप्प्याला साचा हाताने नव्याने करावा लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील झिया चिश्ती व केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढून ती अडचण संगणकीय आराखडा व त्रिमितीय छपाई यांनी सोडवली. दोघेही दंतवैद्य नव्हते. तेव्हा कल्पना केसलिंगची आणि कारखानदारी १९९७ नंतरची, असे म्हणणे रास्त ठरते. कंपनीची महत्त्वाची एकस्वे (पेटंट) २०१७ पासून संपू लागली आणि अनेक उत्पादक या क्षेत्रात उतरले.

घडण व कार्य : पत्रा पॉलियुरेथेन किंवा पीईटीजी या प्लास्टिकचा, सुमारे ०.७५ मिमी. जाडीचा असतो. एक जोड दाताला साधारण ०.२५ मिमी.पर्यंत सरकवतो. त्या दाबाने एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूला नवे भरते. ही क्रिया आपल्या गतीने चालते. जोड लवकर बदलून ती वेगाने होत नाही. गुळगुळीत कवचाला दात फिरवणे किंवा खाली ओढणे जड जाते. म्हणून दातांवर दातरंगी कॉम्पोझिटचे (दात भरण्याच्या मसाल्याचे) लहान उंचवटे चिकटवतात. रुग्ण त्यांना ‘बटणे’ म्हणतात. दाटी असल्यास दोन दातांमधले एनॅमल ०.२ ते ०.५ मिमी. घासून जागा करतात. आराखड्यात दिसलेले सगळे तोंडात उतरत नाही. हालचालींची सरासरी अचूकता २००९ च्या एका अभ्यासात ४१ टक्के, तर २०२० च्या अभ्यासात ५० टक्के आढळली. शेवटी सुधारित जोडांची आणखी एक फेरी लागणे त्यामुळे नेहमीचे आहे.

वापर : रोज २० ते २२ तास. २२ तास लावल्यास राहिलेले दोन तास न्याहारी २०, जेवण ३५, चहा १५ व रात्रीचे जेवण ३५ मिनिटे यांतच जातात; दात घासायला जेमतेम पाव तास उरतो. हिशोब बिघडतो तो दिवसभर घोटघोट चहा पिणाऱ्यांचा. कवच लावून फक्त साधे पाणी प्यावे.

बसवताना आधी पुढचे दात, मग बोटांनी दाढांवर दाबावे. दातांनी चावून बसवल्यास कवचाला चीर जाते. काढताना एका बाजूच्या दाढेच्या आतून नख घालून सोडवावे, मग दुसरी बाजू, शेवटी पुढचा भाग. नवा जोड रात्री झोपताना लावला की पहिले ठणकणे झोपेत निघून जाते. जोड सात ते चौदा दिवसांनी बदलतात. आधीचा जोड फेकू नये.

दाताच्या टोकाशी कवचात पोकळी दिसू लागली, तर दात मागे राहिला असे समजावे. ‘च्युई’ नावाची मऊ नळी दिवसातून दोनदा पाचदहा मिनिटे चावावी आणि तोच जोड आणखी काही दिवस ठेवावा. पोकळी तरीही बुजली नाही, तर पुढचा जोड न लावता दंतवैद्याला दाखवावे. पुढे रेटल्यास प्रत्येक जोडागणिक तफावत वाढत जाते. जोड हरवल्यास : मुदत संपत आली असेल तर पुढचा, नुकताच सुरू केला असेल तर मागचा लावून दवाखान्यात कळवावे.

निगा : प्रत्येक वेळी काढल्यावर गार किंवा कोमट पाण्याखाली, मऊ ब्रशने आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने आतबाहेर घासावे. टूथपेस्टमधल्या कणांनी ओरखडे पडतात, आणि त्यांत कीटण बसून कवच धुरकट दिसते. उकळते पाणी वर्ज्य. आकार एकदा बदलला की तो परत येत नाही. गोव्यात मे महिन्यात उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेली डबीही तेवढीच घातक. पावसाळ्यात डबी ओली मिटल्यास बुरशी धरते, म्हणून डबी रोज पुसून कोरडी करावी.

गोव्याच्या जेवणात हुमणातली (माशांच्या कालवणातली) हळद हा डागांचा मुख्य स्रोत. कवच काढून जेवले तरी बटणांच्या कडा पिवळ्या होतात आणि चूळ न भरता कवच लावले, तर तेही रंगते. सोलकढी व भिरंडाचे (कोकमाचे) सरबत आंबट असते. कवचाखाली अडकलेले आम्ल लाळेने धुतले जात नाही, त्यामुळे दात किडण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी नुसती चूळ भरावी आणि थोड्या वेळाने घासावे. कडक कांकणां (बांगडीच्या आकाराचे पाव) आणि जत्रेतले खाजे पुढच्या दातांनी तोडू नयेत, बटण उडते. बटण गेलेल्या दातावर कवचाची पकड राहत नाही, ते पुन्हा बसवून घ्यावे लागते. खानावळीत किंवा किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला जोड ताटाबरोबर उचलला जातो. हरवण्याचे हेच सर्वांत ठरलेले कारण.

मर्यादा : जबड्याच्या हाडातील मोठा दोष केवळ अलाइनरने जात नाही. हिरड्यांचा आजार व किडके दात आधी बरे करावे लागतात. दंतवैद्याने न तपासता टपालाने जोड पाठवण्याचा व्यवसाय अमेरिकेत फोफावला. त्यातील प्रमुख कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेल्यांना नव्याने दंतवैद्य शोधावा लागला.

उपचारानंतर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी टिकवून धरणारे साधन, लागतो. सुरुवातीचे काही महिने तो पूर्णवेळ व नंतर रोज रात्री लावतात. थोड्या दिवसांच्या खंडानंतर तो घट्ट बसू लागला, तर दात मागे सरकू लागले आहेत असे धरावे. जबरदस्तीने न दाबता तो दाखवून घ्यावा.