नेढ्यातून ओवलेली प्रथिने

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. त्यामुळे पेशी म्हणजे त्याचे नुसते कोठार, असा समज होतो. प्रत्यक्षात प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी ही पेशी आतून पार बदलून टाकतो. त्यासाठी तो स्वतःची शेकडो प्रथिने तिच्यात पाठवतो.

हे सोपे नाही. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, प्रथिने घडवून जागच्या जागी पोचवणारी व्यवस्थाही उरलेली नसते. शिवाय परजीवी पटलाच्या एका पिशवीत राहतो. म्हणजे प्रथिनाला आधी परजीवीचे पटल ओलांडायचे, मग पिशवीचे.

2004 मध्ये दोन संशोधक गटांना अशा अनेक प्रथिनांवर एक सामाईक खूण सापडली: पाच अमिनो आम्लांचा छोटा क्रम, पेक्सेल. परजीवीच्या आतच प्लास्मेप्सिन-5 हे विकर प्रथिनाला तिथे कापते.

मला मात्र भुरळ घातली आहे ती पिशवीच्या पटलातल्या यंत्राने, पीटेक्सने. ते 2009 मध्ये ओळखले गेले आणि 2018 मध्ये त्याची सविस्तर रचना दिसली. एक्सपी2 या प्रथिनाचे सात रेणू मिळून पटलात आरपार नळी करतात. तिच्यावर पीटेक्स150 चे सात रेणू आणि सर्वांत वर एचएसपी101 चे सहा रेणूंचे कडे. नळी इतकी अरुंद की घडी घातलेले प्रथिन तिच्यातून जाणारच नाही. गाठ मारलेला दोरा सुईच्या नेढ्यातून जात नाही तसेच. म्हणून एचएसपी101 एटीपी या पेशीतल्या इंधन-रेणूची ऊर्जा वापरून प्रथिनाची घडी मोडते आणि दोर ओढताना आपण हातामागून हात टाकतो तशी ती साखळी खाली सरकवते. हे पारखायला एक सुरेख प्रयोग झाला: औषध चिकटले की ज्याची घडी उलगडत नाही, असे प्रथिन निर्यातीच्या प्रथिनाला जोडले. औषध देताच माल पिशवीतच अडकला!

पलीकडे पोचलेल्या प्रथिनांपैकी काही पेशीच्या पृष्ठभागावर गाठी उभारतात. त्यांवरचे पीएफईएमपी1 रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, म्हणून रोगट पेशी प्लीहेच्या गाळणीत सापडत नाहीत. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत हेच घडले तर जीव धोक्यात येतो.

एचएसपी101 निकामी केले की निर्यात थांबते आणि परजीवीची वाढही खुंटते. अशा निष्कर्षांच्या बातम्यांवर ‘मलेरियावर रामबाण उपाय’ असे मथळे देणे मला पटत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीपासून सुरक्षित गोळीपर्यंतचा रस्ता फार लांब असतो.

एक्सपी2 ची कामगिरी मात्र एवढ्यावर संपत नाही. एचएसपी101 सोबत नसताना हीच नळी उघडी राहते आणि तिच्यातून परजीवीला लागणारे छोटे पोषक रेणू पिशवीत शिरतात.