पाणी खारे आहे की गोडे?

नौकेच्या तळाशी पाणी साचलेले दिसले की आधी पंप चालू करायचा आणि लगेच त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे. गोडे लागले तर आपलीच टाकी किंवा नळी गळते आहे, चहा घेऊन शोधले तरी चालेल. खारे लागले तर समुद्र आत येतो आहे, आणि मग चहा नंतर.

गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे समुद्रतळाशी नांगरलेल्या बोयाला, बांधलेल्या मित्राच्या ३६ फुटी शिडाच्या नौकेवर एका पहाटे मी हे केले. बंकवरून पाय खाली टाकला तो घोटाभर पाण्यात. रात्र शांत गेली होती. आदल्या दिवशी कशावर आपटलो नव्हतो, नौकेला तडा नव्हता, नळी फुटली नव्हती, नळी आवळून धरणारी एकही क्लिप सुटली नव्हती. पाणी मात्र खारे होते. ते टॉयलेटच्या भांड्याच्या काठावरून आवाज न करता ओसंडत होते. वरवर पाहता सगळे धडधाकट असताना नौका भरत होती, आणि भौतिकशास्त्राच्या नियमांत त्यात काहीच वावगे नव्हते.

भोक पडले की बोट बुडते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. खरे तर लांबच्या प्रवासाच्या शिडाच्या नौकेला पाण्याच्या पातळीखाली अनेक भोके मुद्दामच पाडलेली असतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी घेणारे एक, टॉयलेटला पाणी आणणारे एक, मैला बाहेर टाकणारे एक, शिवाय बेसिनचे आणि सुकाणूजवळच्या बैठकीत साचलेल्या पाण्याचे. प्रत्येक भोकावर एक जाड तोटी असते, तिला सी-कॉक म्हणतात. अमेरिकेतील बोटींच्या विमा दाव्यांमध्ये वर्षानुवर्षे हेच दिसते की भर समुद्रात बुडणाऱ्या बोटींपेक्षा धक्क्याला बांधून ठेवलेल्या अवस्थेत बुडणाऱ्या जास्त असतात. वादळात माणसे जागी असतात, धक्क्यावर कुणी नसते.

एखादी नळी खरोखरच निखळली तर काय होईल, याचा हिशेब शाळेच्या गणिताने होतो. ६० सेंटीमीटर उंचीवरून सोडलेला दगड जमिनीवर सेकंदाला सुमारे ३.४ मीटर वेगाने आदळतो. पाण्याखाली ६० सेंटीमीटरवर असलेल्या भोकातून पाणी नेमक्या त्याच वेगाने आत घुसते. भोक ३८ मिलिमीटरचे धरा. कडांपाशी प्रवाह आकसतो म्हणून साठ टक्केच धरला, तरी मिनिटाला सुमारे १४० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात मिनिटांत भरेल. म्हणून प्रत्येक सी-कॉकला मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवतात. नळी गेली की खुंटी ठोकायची. लाकूड भिजून फुगते आणि भोक बुजते.

पण आमच्याकडे नळी जागेवर होती. आमचा चोर सायफन होता, आणि त्याच्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे.

बऱ्याच मराठी घरांत पूर्वी पितळेचा वसुदेवाचा पेला असे. पेल्याच्या मध्यभागी वसुदेव उभा, डोक्यावरच्या टोपलीत बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत राहायचे, ही यमुना. पाणी चढत चढत कृष्णाच्या अंगठ्याला लागले की एकदम उतरू लागते आणि पेला तळापर्यंत रिकामा होतो. आजी हात जोडायची. मूर्तीच्या पोटात एक वाकडी नळी, म्हणजे सायफन, दडवलेली असते, एवढाच त्यातला चमत्कार. नळीचे एक तोंड पेल्यात तळाशी उघडते, नळी वर अंगठ्याच्या उंचीपर्यंत जाते, तिथे वळते आणि पेल्याच्या बुडातून बाहेर पडते. पाणी वळणापर्यंत पोचले की पलीकडे सांडते, नळी पूर्ण भरते, आणि मग पाण्याची पातळी वळणाच्या कितीही खाली गेली तरी प्रवाह थांबत नाही. ज्या कारागिराने ही नळी मूर्तीत बसवली त्याला खरे तर नमस्कार करायला हवा. देवाच्या नावाखाली त्याची कारागिरी झाकली गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

आता नौकेचे टॉयलेट पाहा. भांडे बहुतेक वेळा समुद्राच्या पातळीच्या थोडे खाली असते, कारण खोलीला उंची हवी म्हणून फरशी खाली न्यावी लागते. हातपंपाने समुद्राचे पाणी ओढून भांड्यात सोडायचे. काम झाले की पंपावरचा खटका ‘कोरडा’ या बाजूला करायचा, म्हणजे पाण्याची वाट बंद. पाहुणा ते विसरतो. मग नळी समुद्रापासून भांड्यापर्यंत पाण्याने भरलेली राहते आणि भांडे समुद्रापेक्षा खाली. नौका म्हणजे पेल्याबाहेरची जागा, समुद्र म्हणजे पेला.

“मग नळी वर चढवून आणा, उंचवट्यावर पाणी कसे चढेल?” हे मी अनेकांकडून ऐकले आहे. पाणी चढते. भरलेल्या नळीत पाण्याला उंचवट्याची पर्वा नसते, त्याला फक्त दोन टोकांच्या पातळीतला फरक कळतो. उतरत्या बाजूचा पाण्याचा स्तंभ जास्त लांब, म्हणून जास्त जड. तो खाली येताना मागचे पाणी वळणावरून ओढून घेतो. हे काम गुरुत्वाकर्षण करते. हवेच्या दाबाने सायफन चालतो असे कित्येक पुस्तकांत छापलेले असते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशातही तसेच होते, आणि ऑस्ट्रेलियातील भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज यांनी २०१० मध्ये ती चूक दाखवून दिली. हवेचा दाब फक्त वळणापाशी पाण्याचा स्तंभ तुटू देत नाही. तो जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचे पाणी तोलू शकतो. तेव्हा दहा मीटरपेक्षा उंच वळण घेतले तर सायफन तुटेल. छत्तीस फुटी नौकेत ती जागा कुठून आणणार?

यापुढचा परिच्छेद जरा सावकाश वाचावा लागेल, पण सगळी गंमत तिथे आहे. समजा वळण समुद्राच्या पातळीच्या अर्धा मीटर वर आहे. पाणी स्थिर असते तर वळणावरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा मीटर पाण्याइतका, म्हणजे जवळजवळ पाच टक्के कमी असता. पाणी वाहत असल्यामुळे तो आणखी थोडा घटतो. म्हणजे सायफन चालू असताना वळणाच्या माथ्यावर भोक पाडले तर पाणी बाहेर उडणार नाही, बाहेरची हवा आत शोषली जाईल. हवा शिरली की पाण्याची साखळी दुभंगते, इकडचे पाणी समुद्रात परत उतरते, तिकडचे भांड्यात. प्रवाह बंद. वसुदेवाच्या पाठीतून, नळीच्या वळणावर, बाहेर उघडणारे सुईएवढे भोक पाडून पाहा. पाणी अंगठ्याला लागेल, वरचे जास्तीचे तेवढे सांडेल, आणि पेला भरलेलाच राहील.

मात्र पंप मारताना त्याच भोकातून पाण्याची पिचकारी उडेल, कारण तेव्हा पंप आतला दाब हवेपेक्षा वर नेतो. म्हणून भोकावर रबराची एक पातळ पाकळी बसवतात. आत दाब वाढला की पाकळी मिटते, दाब घटला की उघडते. वीज नाही, सेन्सर नाही. आता हे हवेची झडप असलेले वळण, म्हणजे कमान, नळीवर नेमके कुठे बसवायचे? समुद्र आणि पंप यांच्यामध्ये बसवली तर पंप पाण्याऐवजी त्या झडपेतून हवाच ओढत बसेल. ती पंप आणि भांडे यांच्यामध्येच हवी. आपला प्लंबर तिथे सहज चुकतो, कारण घरात त्याला समुद्राच्या पातळीखाली नळ बसवायचा नसतो.

कमान किती उंच हवी, हे नौका सरळ असताना मोजून उपयोग नाही. वाऱ्याने नौका कलते. मध्यरेषेपासून सव्वा मीटर बाजूला असलेले टॉयलेट नौका २५ अंश कलल्यावर अर्धा मीटर खाली जाते. एरवी पाण्याच्या वर राहणारी कमान तेव्हा पाण्याखाली असू शकते, आणि पाण्याखाली गेलेली कमान म्हणजे नुसती नळी. म्हणून ती शक्य तितकी मध्यरेषेकडे आणि छताला टेकेल इतकी वर नेतात.

किती पाणी येते? पातळीतला फरक १० सेंटीमीटर आणि नळी १९ मिलिमीटरची धरली, तर घर्षण वजा जाता माझ्या अंदाजाने मिनिटाला पाच ते सात लिटर. पाचच धरा. आठ तासांच्या झोपेत २,४०० लिटर, म्हणजे जवळजवळ अडीच टन. शिवाय नौका जशी जड होऊन खाली बसते तसे भांडे समुद्राच्या आणखी खाली जाते आणि प्रवाह वाढतो. स्वतःला खतपाणी घालणारी ही गळती आहे.

इंजिनलाही हाच सायफन गाठतो. इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी धुराच्या नळीत सोडतात. ते सोडण्याची जागा खाली असेल आणि झडप बंद पडली असेल, तर इंजिन थांबवल्यावरही पाणी येत राहते, सायलेन्सर भरतो आणि मग सिलिंडर. पाणी दाबले जात नाही. सकाळी स्टार्टर मारला की पिस्टन पाण्याच्या भिंतीवर धडकतो आणि त्याचा दांडा वाकतो.

टॉयलेटमध्ये कुजक्या अंड्यांचा वास येत असेल तर दोष बहुधा मैल्याच्या नळीचा नसतो. पाणी आणणाऱ्या नळीत समुद्राचे पाणी आठवडाभर अडकते, त्यातले सूक्ष्म जीव मरतात, कुजताना ऑक्सिजन संपवतात. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात २.७ ग्रॅम सल्फेट असते. त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनतो. नौका सोडण्यापूर्वी नळीतून गोडे पाणी फिरवले की वास येत नाही, सुगंधी वड्यांची गरज राहत नाही.

मैल्याच्या नळीचा आजार वेगळा. मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात, पाणी अल्कधर्मी होते, आणि समुद्रातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्षारांच्या रूपाने नळीच्या आतून चिकटतात. त्यांपैकी मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्ट्रुव्हाइट नावाचा क्षार माणसाच्या काही मुतखड्यांमध्येही असतो. नौकेला मुतखडा होतो, असे मी म्हणतो ते यामुळेच. ३८ मिलिमीटरची नळी हळूहळू अर्ध्यावर येते, पंप जड चालू लागतो, आणि मालक पंप बदलतो. नळीत रात्रभर व्हिनेगर भरून ठेवावे. थर कोवळा असेल तर विरघळतो. जुना असेल तर नळी काढून धक्क्यावर आपटायची, खपल्या पडतात. नळीभोवती चुंबक बांधला की क्षार धरत नाहीत, अशी जाहिरात करून बंगल्यांपासून बोटींपर्यंत सगळ्यांना पट्टे विकले जातात. भरवसा ठेवावा असा पुरावा मला त्यात दिसलेला नाही. तेवढ्या पैशांत कित्येक वर्षांचे व्हिनेगर येते.

गोड्या पाण्याच्या बाजूला एकच गोष्ट समजली की निम्मे बिघाड सापडतात. पंपाच्या पुढची नळी गळली तर पाणी बाहेर येते, जमीन ओली होते, रात्री सगळे नळ बंद असताना पंप मधूनच दोन सेकंद घुरघुरतो. पंपाच्या मागची, टाकीकडची नळी सैल असेल तर काहीच ओले होत नाही. तिथे दाब हवेपेक्षा कमी, त्यामुळे पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पंप अखंड धावतो, नळातून थुंकल्यासारखे पाणी येते आणि माणूस पंपालाच दोष देतो. पंपाची मागची नळी काढून तिथे दुसरा तुकडा जोडावा आणि तो बादलीत बुडवावा. पंप बादलीतून व्यवस्थित ओढत असेल तर पंप ठीक, चूक टाकी आणि पंप यांच्यामध्ये. कमानीवरच्या झडपेत हवा का शिरते आणि इथे हवा का शिरते, याचे उत्तर एकच आहे.

ही परीक्षा खोल समुद्रात स्वतःलाच घ्यावी लागते. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून एकट्याने निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० ला परतले. दिलना आणि रूपा या नौदल अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेत ‘तारिणी’ या नौकेवर दोघीच होत्या. दोन बंदरांमध्ये आठवडेच्या आठवडे जातात, आणि तिथे प्लंबर यायचा नाही.

तोट्या कोणत्या धातूच्या आहेत, तेही एकदा पाहून घ्या. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, आणि समुद्राचे पाणी ते जस्त वेचून बाहेर काढते. मागे उरते तांब्याचे स्पंजासारखे पोकळ कलेवर. आकार तोच, ताकद शून्य. चिंच फार वेळ चोपडून ठेवलेल्या पितळी तांब्यावर जी गुलाबी झाक येते, ती याचीच सौम्य बहीण. सी-कॉक जरा खरवडून पाहावा. खाली पिवळे चकाकले तर ठीक. गुलाबी दिसले तर नौका लगेच पाण्याबाहेर काढायची आणि तिथे कथील असलेल्या कांस्याची तोटी बसवायची.

त्या पहाटे आम्ही आधी सी-कॉक बंद केला, मग तासभर पाणी उपसले. कमान होती, योग्य जागी होती, पुरेशी उंचही होती. झडप उघडून पाहिली तर रबराच्या पाकळीवर मिठाचा पांढरा पापुद्रा बसून ती जागेवरच चिकटली होती. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पाकळीच्या कडेला प्रत्येक वेळी एखादा थेंब वाळतोच. पाकळी कोमट गोड्या पाण्याच्या वाटीत टाकली. तेल लावले नाही, त्याने असले रबर फुगू शकते. पाच मिनिटांनी ती बाहेर काढून मित्राने फुंकर मारली. एका बाजूने हवा सरळ गेली, दुसऱ्या बाजूने मारली तर अडली.