आठ क्लब, पाच देश आणि एक फ्री किक: पिएर व्हान होइडोंकच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

8 मे 2002 चा युएफा कपचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा, अंतिम सामना नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये फेयनोर्द क्लबच्या घरच्या मैदानावर होता आणि शहर सुतकात होतं. दोनच दिवसांपूर्वी याच शहराचे राजकारणी पिम फोर्टाइन यांची गोळ्या घालून हत्या झाली होती. तशा वातावरणात जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडविरुद्ध खेळ सुरू झाला. अर्ध्या तासानंतर डॉर्टमुंडच्या युर्गेन कोलरला लाल कार्ड मिळालं, फेयनोर्दला पेनल्टी मिळाली आणि त्यांचा स्ट्रायकर पिएर व्हान होइडोंकने ती जाळ्यात घातली. चाळिसाव्या मिनिटाला फ्री किक मिळाली. 1.93 मीटर उंचीचा, बत्तीस वर्षांचा हा गडी चेंडूमागे उभा राहिला आणि त्याने उजव्या पायाने चेंडू बचावपटूंच्या भिंतीवरून असा वळवला की येन्स लेहमानसारख्या गोलरक्षकाचाही इलाज चालला नाही. सामना 3-2 असा फेयनोर्दने जिंकला. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे 8 गोल त्याचेच होते.

तोवर चार देशांत खेळून झालेला हा माणूस इथवर कसा पोहोचला, हे समजून घ्यायचं तर नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येला, बेल्जियमच्या सीमेजवळच्या स्टेनबर्गन परिसरात जावं लागतं. तिथे त्याचा जन्म 1969 चा. आई डच, वडील मोरोक्कोचे, वाढवलं आईने. लहानपणापासून तो ब्रेडा शहरातल्या एनएसी क्लबचा चाहता. अकराव्या वर्षी त्याच क्लबच्या बालसंघात निवड झाली, तेव्हा तो उजव्या बाजूचा मिडफिल्डर होता. चौदाव्या वर्षी क्लबने त्याला घरी पाठवलं. गावच्या हौशी संघात परतल्यावर तो पुढच्या फळीत खेळू लागला, आणि त्या नकारातूनच स्ट्रायकर घडला. रोझेंडालच्या आरबीसी क्लबमधून सुरुवात करून 1991 मध्ये तो पुन्हा एनएसीतच आला, या वेळी मात्र गोल करणारा म्हणून.

डच लीगचं अर्थकारण इथे लक्षात घ्यायला हवं. खेळाडू घडवायचे आणि मोठ्या पैशांच्या लीगला विकायचे, यावर तिथले क्लब चालतात. त्यामुळे पंचवीस गोल करणारा स्ट्रायकर ब्रेडात फार काळ राहणं शक्यच नव्हतं. जानेवारी 1995 मध्ये ग्लासगोच्या सेल्टिकने त्याला नेलं. सहा वर्षं सेल्टिककडे एकही चषक आला नव्हता आणि शेजारचे रेंजर्स दरवर्षी लीग जिंकत होते. त्या मे महिन्यात स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात एअरड्रीविरुद्ध एकच गोल झाला, तो व्हान होइडोंकच्या हेडरवर. पुढच्या मोसमात लीगमध्ये 26 गोल.

त्याच सुमारास, डिसेंबर 1995 मध्ये, युरोपीय न्यायालयाने बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोसमनच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी करार संपला तरी क्लब खेळाडूला पैसे घेतल्याशिवाय सोडत नसे. आता करार संपला की तो मोकळा. खेळाडूंना आपली किंमत कळू लागली आणि पगाराच्या वाटाघाटी उघड्यावर आल्या. व्हान होइडोंकचं सेल्टिकशी बिनसलं ते पगारावरूनच, आणि मार्च 1997 मध्ये तो इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला.

सगळ्यात कटू प्रकरण इथे घडलं. फॉरेस्ट खालच्या श्रेणीत घसरला. तरी व्हान होइडोंक थांबला आणि 1997-98 मध्ये लीगमध्ये 29 गोल करून त्याने संघाला वर आणलं. साथीला केविन कॅम्पबेल होता. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे वरच्या श्रेणीत, परतल्यावर संघ बळकट होईल अशी त्याची अपेक्षा होती. झालं उलटंच: कॅम्पबेलला तुर्कस्तानात विकलं, कर्णधार कॉलिन कूपरही गेला. आपल्याला दिलेला शब्द मोडला, असं म्हणत व्हान होइडोंक खेळायलाच आला नाही. नोव्हेंबरमध्ये परतला आणि डर्बी काउंटी क्लबविरुद्ध गोल केला, पण सहकारी त्याला मिठी मारायला धावले नाहीत. मोसमाअखेर फॉरेस्ट पुन्हा घसरला. सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडणं चूकच होतं असं मला वाटतं; पण संघाची पुढची फळी विकून टाकणाऱ्यांचा वाटा त्याहून मोठा होता आणि दोष मात्र एकट्याच्या नावावर चढला.

पुढे नेदरलँड्समध्ये परतून आर्नहेमच्या व्हिटेसेत एका मोसमात 25 गोल. मग लिस्बनचा बेनफिका. तिथे तर एका वर्षात अध्यक्ष बदलला आणि प्रशिक्षक हाइंकेस, मोरिन्यो, टोनी असे तीन झाले. मोरिन्योचं मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलंच काम होतं. क्लब सहाव्या क्रमांकावर फेकला गेला. व्हान होइडोंकचे लीगमधले गोल मात्र 19.

2001 मध्ये फेयनोर्दने त्याला घेतलं आणि फिरतीला अर्थ आला. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या वरच्या स्पर्धेतून बाहेर पडून फेयनोर्द युएफा कपमध्ये उतरला होता. जर्मनीच्या फ्रायबर्गनंतर ग्लासगोच्या रेंजर्सशी गाठ पडली आणि घरच्या सामन्यात त्याने दोन फ्री किकवर दोन गोल केले. नेदरलँड्सच्याच पीएसव्हीविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि शूटआउटची निर्णायक पेनल्टीही त्यानेच मारली. मग इटलीचा इंटर, आणि मग ती मे महिन्यातली रात्र. प्रेक्षक त्याची फ्री किक पेनल्टीसारखी गृहीत धरू लागले होते. याच संघात अठरा वर्षांचा रॉबिन व्हान पर्सी होता आणि फ्री किक कोणी घ्यायची यावरून या दोघांचं मैदानातच वाजलं होतं!

डच संघाकडून 46 सामने आणि 14 गोल ही नोंद कमी वाटते. पण बर्गकांप, क्लायव्हर्ट, हॅसलबेंक, माकाय, व्हान निस्टलरॉय हे स्ट्रायकर याच काळातले, आणि जागा दोनच. 1998 च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाला 5-0 हरवताना तो बदली म्हणून उतरला, तरी एक गोल त्याचा होता.

वयाच्या तिशीनंतर इस्तंबूलच्या फेनरबाहचेत दोन वर्षांत दोन लीग विजेतेपदं मिळाली, पहिल्याच मोसमात 24 गोल. 2005 मध्ये तो पुन्हा ब्रेडाला एनएसीत आला, तिथून फेयनोर्दला आणि 2007 मध्ये थांबला. पुढे त्याचा मुलगा सिडनीही स्ट्रायकर झाला, आणि त्याचा व्यावसायिक प्रवास सुरू झाला तो एनएसीतूनच.