बहाव्याचं बी घरीही रुजतं

‘बहाव्याचं बी माकड-कोल्ह्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही,’ असा मेसेज खान्देशात वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटतो: पोटात बियांचं कवच झिजू शकतं. पण गरज पोटाची नाही, कवच झिजण्याची आहे. ते इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही.

घरीच पडताळा. पिकलेल्या काळ्या शेंगेतल्या २० बिया घ्या. १० बियांची एक कड पॉलिश पेपरवर घासा, आतला फिकट भाग दिसेपर्यंतच. सगळ्या २४ तास भिजवा. घासलेल्या बहुतेक टम्म फुगतील, बाकीच्या बहुधा तशाच राहतील. फुगलेल्या लगेच पेरा. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात कुंडी सावलीतच ठेवा, कोवळं रोप फार लवकर करपतं.