फर्मेंटेशन अडलं की आटोपलं?

घरी बिअर आंबवताय. डब्याच्या एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबलेत, घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०२० वर येऊन बसलाय (पाणी म्हणजे १.०००; साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो) आणि तीन दिवस हलायला तयार नाही. ही बिअर अडली म्हणायची की झाली म्हणायची? ‘तीन दिवस आकडा सारखा आला की बाटल्या भरा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. अडलेल्या बिअरचा आकडाही तीन दिवस सारखाच येतो. अडणं म्हणजे तेच तर!

अडलेल्या बिअरमध्ये यीस्टला खाता येईल अशी साखर शिल्लक असते, पण यीस्टने हात टेकलेले असतात. आटोपलेल्या बिअरमध्ये यीस्टने आपलं काम चोख केलेलं असतं. मागे राहतात ती डेक्स्ट्रिन्स, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, ज्या त्याला पचतच नाहीत. हायड्रोमीटरला दोन्ही सारखीच. त्याला घनता कळते, ती कशामुळे आहे हे कळत नाही.

पण आधी तो आकडा तरी खरा आहे ना, ते बघा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) वापरत असाल तर बहुधा तिथेच घोळ आहे, कारण अल्कोहोल तयार झालं की त्याचं गणित बिघडतं. १.०५० पासून १.०१२ पर्यंत व्यवस्थित उतरलेल्या बिअरलाही तो साधारण ६.४ ब्रिक्स (साखरेच्या टक्केवारीचं माप) दाखवतो आणि तक्त्यात सरळ पाहिलं तर ते १.०२५ भरतं. म्हणजे धडधाकट बिअर आजारी ठरते. दुरुस्तीचं सूत्र लावा, नाहीतर हायड्रोमीटर घ्या. त्यासाठीच्या नमुन्यातला गॅसही ढवळून घालवा. दांडीला बुडबुडे चिकटले की ती वर उचलली जाते आणि आकडा फुगतो.

आकडा खरा निघाला, तर मग त्या बॅचचा इतिहास आठवा. १.०५० वरून १.०२० म्हणजे घनतेच्या ५० पैकी ३० अंश उतरले, ६० टक्के. यीस्टच्या पाकिटावर ७५ टक्के लिहिलं असेल तर संशय घ्यायला जागा आहे, पण तो आकडा शेवटी अंदाजच. रात्री तापमान चार-पाच अंशांनी घसरलं होतं का? जड वर्टमध्ये (आंबवायच्या गोड माल्टरसात) यीस्ट कमी पडलं, सुरुवातीला हवा खेळवायची राहिली, किंवा मधावर भर देऊन यीस्टचं पोषण विसरलं गेलं? असं काही असेल तर ती अडल्याची शक्यता जास्त. उलट मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६९-७० अंश सेल्सिअसवर झाला असेल, लॅक्टोज (दुधातली साखर) घातलं असेल किंवा क्रिस्टल माल्ट (भाजलेला गोडसर माल्ट) सढळ हाताने पडला असेल, तर यीस्टला न पचणारा भागच जास्त असतो आणि ती आटोपलेली असू शकते. यीस्टची जातही बघा. विंडसर यीस्ट माल्टोट्रायोज ही साखर खातच नाही, त्यामुळे ते वरच थांबलं तर त्याचा दोष नाही.

माझी एक स्टाउट (काळी, दाट बिअर) १.०२४ वर थांबली होती. मी डबा उबेत ठेवला, हलवला, यीस्टचं दुसरं पाकीट ओतलं. दहा दिवसांत आकडा तसूभर हलला नाही. मग मॅशचा थर्मामीटर नव्या थर्मामीटरशेजारी गरम पाण्यात धरला, तर जुना चार अंश कमी दाखवत होता. मी ज्याला ६६ समजत होतो ते ७० होतं!

ते दहा दिवस एका छोट्या चाचणीने वाचले असते. अडीचशे मिलिलिटर बिअर स्वच्छ बाटलीत घ्या, भरपूर ताजं यीस्ट घाला, तोंड सैल झाका, पंचवीस अंशांच्या आसपास ठेवा आणि येता-जाता हलवा. दोन-तीन दिवसांनी आकडा घ्या. नमुना १.०१२ वर आला तर डब्यातली बिअर अडली आहे. जागचा हललाच नाही, तर ती झाली. नमुना परत डब्यात ओतू नका.

हा आटापिटा बाटल्यांसाठी. घनतेचा उरलेला प्रत्येक अंश बाटलीत आंबला की लिटरमागे साधारण एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एल या नेहमीच्या प्रकारच्या बिअरला लिटरमागे एकूण पाचेक ग्रॅम पुरतो. आठ अंश शिल्लक असताना, त्यावर प्रायमिंगची (बाटलीत फेस आणण्यासाठीची) साखर घालून झाकणं ठोकलीत, तर बाटल्या फुटणार.

अडली असेल तर तापमान दोन-तीन अंश वाढवा आणि तळाचं यीस्ट हलकेच घुसळून वर आणा. आता हवा मात्र मिसळू देऊ नका. एवढ्याने नाही भागलं तर ताजं यीस्ट घाला, पण स्टार्टर करून, म्हणजे थोड्या वर्टमध्ये आधी जागवून, ते ऐन फेसात असताना. कोरडं यीस्ट नुसतं भुरभुरलं तर अल्कोहोलमध्ये ते बिचकतं. घनता रोज एखादा अंश का होईना, उतरतेय? मग ती अडलेली नाही, नुसती संथ आहे. तिला हात लावू नका.

आटोपलेल्या बिअरला उपाय लागत नाही. ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम घालून डेक्स्ट्रिन्स फोडता येतात, पण मग बिअरचं अंगच, म्हणजे दाटपणाच, जातं, शिवाय एन्झाइम काम करत राहतं म्हणून आकडा पुन्हा स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं. मी त्या स्टाउटमध्ये काहीच घातलं नाही. गोडसर आणि दाट झाली होती, मला तशीच आवडली.