थंडीच्या तोंडावर मोगरा आणि कुंद

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की अंगणातल्या आणि गच्चीवरच्या झाडांवरही कात्री फिरते. पावसाळ्यात सुसाट वाढलेल्या फांद्या, लोंबणारे शेंडे, पिवळी पाने हे सारे एकाच सकाळी साफ करण्याचा मोह होतो आणि त्या भरात मोगरा आणि कुंद ही दोन झुडपे हमखास एकाच मापाने छाटली जातात. दोघांचे कुळ एक, पाने समोरासमोर, फुले पांढरी. शिवाय फुले नसताना झुडपाची ठेवण इतकी सारखी, की कुंदाचे रोप मोगरा म्हणून घरी आले तरी वर्षभर कळत नाही. थंडीशी मात्र या दोघांचे नाते अगदी उलट आहे. मोगरा थंडीत विश्रांती घेतो आणि कुंद थंडीतच फुलतो. म्हणूनच थंडीच्या सुरुवातीची छाटणी मोगऱ्याच्या पुढच्या बहराची तयारी ठरते, तर कुंदाचा हातातोंडाशी आलेला बहर हिरावून घेते.

कात्री उचलण्यापूर्वी झाड नक्की कोणते हे पाहावे, आणि त्यासाठी फुलांची वाट पाहण्याची गरज नाही. पान अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून हलकेच चोळावे. कुंदाच्या पानाला, विशेषतः खालच्या बाजूला आणि कोवळ्या फांदीला, मऊ लव असते; बोटांना मखमलीचा भास होतो. मोगऱ्याचे पान बोटांखाली गुळगुळीत लागते, शिरांमधला भाग किंचित फुगीर दिसतो, आणि काही फांद्यांवर एकाच पेरावर दोनऐवजी तीन पाने आढळतात. फूल हाती असेल तर शंकाच उरत नाही. कुंदाच्या पाकळ्या अरुंद आणि टोकदार, फूल चांदणीसारखे, देठापाशी हिरव्या केसाळ दलांचा झुबका आणि वास अगदी मंद. मोगऱ्याच्या पाकळ्या रुंद, टोकाला गोलसर, आणि वास असा की एका फुलाने खोली भरावी. काही ठिकाणी कुंदाच्या जातीलाच कागडा किंवा काकडा म्हणतात, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नये.

जुन्या लोकांना हा ऋतुभेद चांगला ठाऊक होता. संस्कृतात कुंदाला ‘माघ्य’ असे एक नाव आहे, म्हणजे माघात फुलणारा. मोगऱ्याला, म्हणजे मल्लिकेला, काव्यात ग्रीष्माची सोबत मिळाली आहे. ही नावे मला नेहमी एखाद्या छोट्या पंचांगासारखी वाटतात, कारण झाडाची देखभाल कोणत्या महिन्याभोवती फिरवायची हे त्यांतच सांगितलेले आहे.

मी स्वतः ही चूक केली आहे. एका वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दोन्ही झुडपे गुडघ्याइतक्या उंचीवर छाटून टाकली. मोगऱ्याने काही तक्रार केली नाही. कुंदावर मात्र त्या वेळी फांद्यांच्या टोकांना आणि बगलेतल्या आखूड फुटव्यांवर राळ्याच्या दाण्याएवढ्या हिरव्या गाठी होत्या, त्या मी नवी पालवी समजले. त्या कळ्या होत्या. त्या हिवाळ्यात कुंदाला पाने भरपूर आली आणि देवाला वाहायला एकही फूल मिळाले नाही.

असे का होते, याचे उत्तर दोघांच्या कळ्या कधी तयार होतात यात आहे. मोगऱ्याची फुले नव्या फुटीच्या टोकावर येतात, आणि ही फूट थंडी ओसरल्यावर, ऊन तापू लागल्यावर जोमाने येते. त्याआधीच्या दोन महिन्यांत झाड वाढ थांबवून लाकडी फांद्यांत आणि मुळांत अन्न साठवून ठेवते. कुंद पावसाळ्यात फांद्या वाढवून घेतो, शरदात त्या पक्व होतात आणि दिवस लहान होता होता त्यांच्यावरच कळ्या धरतात. थोडक्यात, आश्विन-कार्तिकात मोगऱ्याची हिरवी फांदी ही सरलेल्या हंगामाची असते, तर कुंदाची तशीच दिसणारी फांदी येणाऱ्या हंगामाची असते.

मोगऱ्याला विश्रांती द्यायची म्हणजे सर्वप्रथम पाणी आणि खत यांना आवर घालायचा. पाऊस संपल्यावर नत्रयुक्त खत पूर्ण बंद करावे, आणि जमिनीतल्या झाडाला पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने पाणी पुरते. कुंडीत मात्र पाणी पूर्णपणे तोडता येत नाही, कारण थोड्याशा मातीत मुळे लवकर सुकतात. वरची माती बोटाची दोन पेरे कोरडी झाल्यावर थोडेसे पाणी द्यावे. कोकणात थंडी सौम्य असल्याने हा ताण हवामानापेक्षा पाणी रोखूनच द्यावा लागतो. वसई, जव्हार, विक्रमगडच्या बाजूला मोगरा हे बाजाराचे पीक आहे, तेथेही हिवाळ्यात उत्पादन घटते आणि कळ्यांचा भाव चढतो. छाटणी नोव्हेंबरच्या अखेरीपासून करता येते. घाटावर, जिथे रात्री चांगल्याच गार होतात, तिथे मी डिसेंबरअखेर ते संक्रांत हा काळ पसंत करते, म्हणजे कोवळी फूट कडाक्यात सापडत नाही. जमिनीतले झाड सुमारे ४५ सेंटीमीटर उंचीवर छाटावे, वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, उरलेली पाने खुडावीत, बुंध्याभोवतीची माती हलकेच मोकळी करून काही दिवस उन्हाला उघडी ठेवावी आणि मग शेणखत घालून पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या दिसू लागतात.

या काळात मोगऱ्याची पाने पिवळी पडतात आणि घाबरून लोक त्याला खत घालतात, तिथे पुन्हा एक गल्लत होते. खालची, जुनी पाने अख्खी पिवळी होऊन गळत असतील तर ती विश्रांतीची खूण आहे, काहीही करू नये. उलट शेंड्याकडची नवी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील, तर तो लोहाच्या कमतरतेचा प्रकार आहे. चुनखडीच्या जमिनीत तो हमखास दिसतो आणि त्याला उपचार लागतो. झाड वाळल्यासारखे वाटले तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले की झाड जिवंत आहे.

कुंदाला या दिवसांत ताण देऊ नये. माती सतत ओलसर राहील, पण चिखल होणार नाही, इतके पाणी द्यावे, आणि ते सकाळी द्यावे. गार रात्री थबथबलेल्या मातीत मुळे कुजतात. ऑक्टोबरमध्ये मूठभर कंपोस्ट पुरे. नत्र जास्त झाले तर झाड पानांच्या मागे लागते.

याहून महत्त्वाचे आहे ते ऊन. दक्षिणायनात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे पावसाळ्याआधी उजेडात असलेली उत्तरेची गॅलरी थंडीत सावलीत जाते आणि दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट आतपर्यंत येते. कुंदाची कुंडी शरदातच दक्षिणेकडे हलवावी. कळ्या मोठ्या झाल्यावर जागा बदलली तर त्या गळतात. मोगऱ्याला छाटणीपर्यंत कुठेही ठेवले तरी चालते, फुटवे दिसू लागले की मात्र दिवसाचे सहा तास ऊन हवेच.

झाड कोणते हे पान चोळूनही ठरत नसेल, तर या वर्षी छाटणी लांबवावी. मोगऱ्याचे उशिराने फारसे बिघडत नाही, आणि मार्गशीर्षापर्यंत कुंद चांदण्या उमलवून आपली ओळख स्वतःच देतो. माघ सरता सरता त्याचा बहर ओसरू लागतो, आणि त्याच सुमारास छाटलेल्या मोगऱ्याच्या डोळ्यांतून तांबूस-हिरवे कोंब डोकावतात. कुंदावर कात्री चालवायचे दिवस ते.